आठ-दहा माणसांच्या कारखान्याला कामगारांचा आरोग्य विमा परवडतो का?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज विचारायची वेळ आली.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझा टेरी टॉवेलचा छोटा कारखाना आहे. आठ कामगार. गेल्या महिन्यात आमचा एक मागवाला, वय त्रेचाळीस, सकाळची पाळी सुरू होऊन तासही झाला नव्हता, माग बंद करून खाली बसला. घामानं निथळत होता. आम्हाला वाटलं पित्त. सोडा आणून पाजला (हो, सोडा. आता आठवलं की लाज वाटते). पंधरा मिनिटांनी बसल्या जागीच कलंडला, तेव्हा रिक्षात घालून जवळच्या खासगी दवाखान्यात नेला. हार्ट अटॅक. अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसवला. माणूस वाचला.

बिल झालं १,८६,०००. आम्ही चौदा जणांनी वर्गणी काढली, २३,००० जमले. त्याच्या भावकीनं ४०,००० उभे केले. बायकोचं डोरलं आणि पाटल्या गहाण पडल्या, त्याचे ४५,००० आले. उरलेले ७८,००० मी भरले आणि हप्त्याच्या (आठवड्याच्या मजुरीच्या) वहीत त्याच्या नावावर उचल म्हणून मांडले. डॉक्टरांनी दोन महिने मागावर उभं राहायचं नाही म्हणून बजावलंय.

आता पुन्हा असं झालं तर माझ्यातही दम नाही. एका एजंटानं ग्रुप पॉलिसीचं कोटेशन दिलंय. आठ कुटुंबं (नवरा-बायको, दोन मुलं), प्रत्येक कुटुंबाला तीन लाख. प्रीमियम ६४,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७५,५२०. दर वर्षी. सुताचा भाव आणि लाइटबिल बघता हा आकडा मला झेपणारा नाही. यापेक्षा स्वस्तात काही होतं का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

हुरडापार्टी

माणूस वाचला हे सगळ्यात मोठं. आणि अटॅकला सोडा पाजणारे तुम्ही एकटे नाही, आमच्या गल्लीत ओवा चारतात.

पुणेकर सोलापूरचा

ग्रुप पॉलिसीच घ्या, डोळे झाकून. आमच्या कंपनीत पाच लाखांची आहे, आईवडीलसुद्धा त्यात. जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतात. कार्ड दाखवायचं, काम झालं. माणसामागे आठ-नऊ हजार म्हणजे काही फार नाही हो.

कडकभाकरी

पुणेकर, तुमची कंपनी टॉवेल विणते का? माणसामागे नऊ हजार कमवायला मालकाला किती टॉवेल विकावे लागतात हे त्यांनाच विचारा. आणि आईवडलांना त्या पॉलिसीत घातल्याबद्दल अभिनंदन, आता त्यांना भेटायला सोलापूरलाही या कधीतरी.

पुणेकर सोलापूरचा

येतोय की गड्ड्याच्या जत्रेला. तुमच्याकडेच उतरतो.

जुना एजंट

पंचवीस वर्षं विमा विकतोय, त्यामुळे माझं बोलणं त्या हिशेबानंच घ्या. पण या धाग्यावर कुणाला काही विकणार नाही.

ग्रुपचा फायदा पुणेकरांनी सांगितला तो खरा आहे. बहुतेक कंपन्या निदान सात माणसं मागतात, तुम्ही आठ आहात, म्हणजे बसता. आता गोम ऐका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि कुटुंबाच्या आरोग्य पॉलिसीवरचा जीएसटी शून्य झाला. ग्रुपवर मात्र तोच १८ टक्के. आणि हा भरलेला जीएसटी तुम्हाला सुताच्या जीएसटीसारखा वळता करून घेता येत नाही, कायद्यानं सक्ती असेल तेवढं सोडून. तेव्हा ते ११,५२० रुपये गेले म्हणून समजा.

दुसरं. लहान ग्रुपात एक मोठा क्लेम झाला की पुढच्या वर्षी प्रीमियम उडी मारतो. हजार माणसांच्या कंपनीत एक स्टेंट कुठं दिसतही नाही. आठ माणसांत तो एकटाच वर्षभराचा सगळा प्रीमियम खाऊन वर उरतो. नूतनीकरणाला एजंट तोंड लपवतो ते यामुळं. मीही लपवलंय.

मग वैयक्तिक का नाही? आरोग्य संजीवनी नावाची साधी पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून आहे. सगळ्या कंपन्यांची कलमं सारखीच. प्रत्येक क्लेमचा पाच टक्के भार आपला. पण आधीपासून असलेल्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं (पूर्वी चार होती, २०२४ मध्ये तीनवर आली). म्हणजे तुमच्या मागवाल्याला त्याच्या हृदयासाठी आज काढलेली पॉलिसी तीन वर्षांनी कामाची. आणि आता त्याला देतील का, हाच आधी प्रश्न.

काउंटरवरची

मी एका खासगी रुग्णालयात बिलिंगला आहे. शहर सांगत नाही, रुग्णालय त्याहून नाही. पॉलिसी घ्या किंवा घेऊ नका, पण घेतलीच तर रूमचं कलम वाचा. रोज कुणीतरी माझ्या काउंटरसमोर याच कलमावरून रडतं.

समजा कव्हर दोन लाखांचं, रूमला एक टक्का, म्हणजे दिवसाला २,००० ची मर्यादा. नातेवाईक म्हणतात, "पेशंटला जरा बरी खोली द्या." ४,००० ची खोली घेतात. त्यांना वाटतं, वरचे दोन हजार आपण भरू. तसं नसतं. खोली दुप्पट म्हटल्यावर सर्जनची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळंच अर्ध्यात कापतात. ६०,००० च्या या खर्चाचे ३०,००० च मिळतात. औषधं आणि इम्प्लांट यांना ही कात्री लागत नाही. एवढंच समाधान.

डिस्चार्जच्या दिवशी "साहेब, क्लेम पास झालाय ना?" म्हणून विचारणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायचं काम माझं. संध्याकाळी घरी गेल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नाही.

हिशेबनीस

टॉवेलवाले साहेब, एक किरकोळ शंका. कारखान्यात आठ कामगार, आणि वर्गणी चौदा जणांची. बाकीचे सहा जण कोण? शेजारचे?

कडकभाकरी

लागला सुगावा!

हुरडापार्टी

हिशेबनीसांच्या घरी जेवायला जाऊ नये, पोळ्या मोजतील.

टॉवेलवाला

काल दिवसभर लिहावं की नको करत होतो. लिहितोच.

माझ्या फर्मवर आठ आहेत. बायकोच्या नावानं दुसरी फर्म आहे, तिच्यावर सहा. वहिफणी, कांड्या आणि घडी-पॅकिंग तिच्याकडे, माग माझ्याकडे. दोन्हीच्या मधे एक भिंत आहे आणि भिंतीत दार आहे. दाराला कडी नाही. जुन्या टॅक्सवाल्यानं बारा वर्षांपूर्वी तशी रचना करून दिली होती, "दहाच्या आत राहा, सुखी राहा" म्हणाला होता. एमआयडीसीत असं करणारा मी एकटा नाही. पण हे कुणाचं तरी बघून केलं म्हणून बरोबर होत नाही, तेही कळतं.

हिशेबनीस

लिहिलंत, बरं केलंत. आता खरं उत्तर देता येईल. मी हिशेबाचंच काम करतो, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर पॉलिसी नाही. कामगार राज्य विमा आहे, आपल्याकडे ज्याला नुसतं ईएसआय म्हणतात.

मूळ कायदा १९४८ चा. दहा किंवा जास्त माणसं असली की कारखान्याला लागतो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेला कामगार त्यात येतो. १ जुलै २०१९ पासून दर असे: मालक ३.२५ टक्के, कामगार ०.७५ टक्के. तुमचा मागवाला हप्ता धरून महिना सरासरी १२,००० घेतो असं मानू. मालकाचे ३९०, त्याचे ९०. चौदा जणांचे मालकाकडून महिन्याला ५,४६०. वर्षाला ६५,५२०.

आता तुमचं कोटेशन शेजारी ठेवा. आठ कुटुंबांना ७५,५२०. त्याच दरानं चौदा कुटुंबांना १,३२,१६० होतील. म्हणजे निम्म्या पैशात चौदा कुटुंबं. त्यात तीन लाखांसारखी मर्यादा नाही, बायकोमुलं आली, अवलंबून असलेले आईवडील आले, आणि साध्या तापाचं औषधही आलं. ग्रुप पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्याशिवाय सहसा तुमचं तोंड बघत नाही.

त्या दाराबद्दल. एकच आवार, एकच व्यवस्थापन, एका फर्मचं काम दुसरीशिवाय चालत नाही, असं दिसलं की दोन्ही एक धरतात. याला क्लबिंग म्हणतात. कडी लावून उपयोग नाही. सापडलात तर मागची वर्गणी आणि वर १२ टक्के व्याज.

पण वेळ चांगली आहे. १ जुलै २०२५ पासून स्प्री नावाची योजना चालू आहे, ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत. आजवर नोंदणी न केलेल्या मालकानं स्वतःहून केली तर मागच्या काळाची वर्गणी मागत नाहीत, मागचं दप्तरही तपासत नाहीत. हातात दोन-अडीच आठवडे आहेत.

सायझिंगवाला

हिशेबनीस, तुम्हाला बोलायला काय जातंय. ईएसआय म्हणजे एकदा मानगुटीवर बसला की उतरत नाही. उद्या मंदीत माझी माणसं सातवर आली तरी तो सुटत नाही, हे का सांगितलं नाही? दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत भरणा, नाहीतर व्याज. तीस मागांच्या पुढचे बघून घेतील, दहा-बारावाल्यानं माग चालवायचे का पोर्टल?

आणि कामगारांनाच नको असतो हो. मी विचारलं होतं. एकजण म्हणाला, "शेठ, ते ९० रुपये हातात द्या, आम्ही आमचं बघू." तीन-तीन महिन्यांनी माणूस कारखाना बदलतो, त्याचं कार्ड काढून मी काय करू?

हिशेबनीस

सुटत नाही, बरोबर आहे. सांगायचं राहिलं. पण माणूस कारखाना बदलतो म्हणून कार्ड वाया जात नाही. नंबर माणसाचा असतो, मालकाचा नाही. नवा मालक त्याच नंबरवर भरतो.

सात रस्ता चहा

थोडं विषयांतर. मला कळत नाही, फुले जन आरोग्य योजना असताना एवढी डोकेफोड कशाला? पाच लाख, सगळ्यांना, फुकट. माझ्याकडे भटारखान्यात आणि टेबलांवर धरून पाच पोरं आहेत, मी त्यांना सांगून ठेवलंय, काही झालं तर रेशनकार्ड घेऊन पळा.

काउंटरवरची

पळा, पण कुठं ते आधी माहीत करून ठेवा.

ही योजना आपल्याला नवी नाही. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी म्हणून पहिल्या टप्प्यात आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात सोलापूर होतं. पुढं नाव बदललं, २०२४ मध्ये दीड लाखाचे पाच लाख झाले, आणि पांढरं, केशरी, पिवळं असं न बघता सगळ्या कुटुंबांना लागू झाली. अँजिओप्लास्टी त्यात बसते.

पण ती ठरलेल्या उपचारांना, आणि यादीतल्या रुग्णालयातच. तिथं आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याच्याकडे आधी नोंद लागते. तापाला, तपासण्यांना, रोजच्या बीपीच्या गोळीला ती नाही.

टॉवेलवाला

म्हणजे ते १,८६,००० वाचले असते?

काउंटरवरची

दवाखाना यादीतला असता आणि कुणी आरोग्यमित्राला विचारलं असतं तर, हो. पण स्वतःला खाऊ नका. अटॅकमध्ये जवळच्या दवाखान्यात नेलंत तेच बरोबर केलंत. यादी शोधत शहरभर फिरला असतात तर आज हा धागा निघाला नसता. आता एक करा. यादीतली जवळची दोन रुग्णालयं कोणती ते काढून, नावं मोठ्या अक्षरात कारखान्याच्या भिंतीवर लिहा. तेलुगूतही लिहा.

हुरडापार्टी

आणि खाली लिहा, "सोडा पाजू नये."

कांडीवालीची लेक

मी इथं कधी लिहीत नाही. सायझिंगवाल्यांचं "ते ९० रुपये हातात द्या" वाचलं आणि राहवलं नाही.

माझी आई लग्नाआधी विड्या वळायची, नंतर एका कारखान्यात कांड्या भरायला लागली. वडील मागावर. २००४ साली आईच्या पिशवीचं ऑपरेशन झालं. खर्च २२,०००. मालकानं दिले. देवमाणूस म्हणाले सगळे, आम्हीही म्हणालो. वहीत बाकी पडली.

त्यानंतर सहा वर्षं वडलांनी कारखाना बदलला नाही. बदलता येत नव्हता. पलीकडच्या पेठेत किलोमागे जास्त मिळत होतं, तिथला मालक बोलवत होता. पण आधी बाकी फेडायची. हप्त्यातून ती कापली जायची, मग दिवाळीला, मग माझ्या दहावीच्या फीला पुन्हा थोडी उचल व्हायची. वहीतला आकडा वीस हजारांच्या खाली कधी गेलाच नाही. शेवटी नव्या मालकानं बाकी भरली आणि वडलांना नेलं. म्हणजे काय झालं? एका वहीतून आकडा दुसऱ्या वहीत गेला. सोबत वडील गेले.

आपल्या सोलापुरात आरोग्य विमा आधीपासून आहे. त्याला उचल म्हणतात. त्याचा प्रीमियम कामगार भरतो, ९० रुपयांच्या कितीतरी पट. मालकाचेही पैसे अडकतात, हे मला आता कळतं. तेव्हा कळत नव्हतं.

आणि माणूस ९० रुपये हातात मागतो कारण त्यानं आजवर कापलेले पैसे परत येताना बघितलेले नसतात. त्याला आधी विचारा, कापलेलं कुठं जातं हे कुणी सांगितलंय का.

कडकभाकरी

यावर काय बोलणार.

लक्ष्मी विष्णू

वय ७४. वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते, त्यावरूनच नाव घेतलंय. त्यांचं विम्याचं कार्ड होतं, कापडी पाकिटात ठेवायचे, रेशनकार्डाच्या शेजारी. मला गोवर आला तेव्हा त्या कार्डावर औषध आणलेलं आठवतं. लाल पातळ औषध, सगळ्या आजारांना तेच द्यायचे असं आम्हा पोरांचं मत होतं. मिल बंद पडली तेव्हा भोंगा गेला, पगार गेला, त्यांच्याबरोबर कार्डही गेलं. पगार गेल्याची चर्चा शहरात अजून होते, कार्डाची कुणी केली नाही. मिलमधली माणसं पुढं ज्या छोट्या कारखान्यांत गेली तिथं विचारायची सोयच नव्हती.

सायझिंगवाला

ताई, तुमचं वाचलं. माझ्याही वहीत आहेत अशा बाक्या. साडेचार लाखांच्या आसपास आहेत सगळ्या मिळून, त्यातल्या अर्ध्याअधिक दवाखान्याच्याच असतील. कधी अशा नजरेनं बघितलं नव्हतं. पण मी अजून म्हणतो, विम्याच्या दवाखान्यांची अवस्था काय असते? माझा साडू दुसऱ्या जिल्ह्यात एका विमा दवाखान्यात तीन चकरा मारून शेवटी खासगीत गेला.

हिशेबनीस

तुमचा साडू खरं बोलत असणार, वाद घालत नाही. तरी दवाखाना बाजूला ठेवून पैशाकडं बघा. टॉवेलवाल्यांचा माणूस दोन महिने घरी बसलाय, त्याच्या घरात त्या दोन महिन्यांत काय येतंय? शून्य. तीन लाखांची ग्रुप पॉलिसी असती तरी शून्यच. बिल भागलं असतं, चूल नाही.

ईएसआयमध्ये आजारपणाची भरपाई आहे. सहा महिन्यांच्या एका वर्गणी-काळात ७८ दिवस भरले असले तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के. रोज ४०० पडत असेल तर २८०, थेट त्याच्या खात्यात. क्षयरोगासारखे ३४ जुनाट आजार वेगळे धरलेत, दोन वर्षं नोकरी झालेली असेल तर त्यांना ८० टक्क्यांनी आणखी लांब मुदत मिळते. मागाच्या धुळीत काम करणाऱ्यांना क्षयाचं वेगळं सांगायला नको. कामावर इजा झाली तर ९० टक्के, आणि त्याला किती दिवस भरले ही अट नाही. धोटा उडून डोळ्याला लागला तर पहिल्या दिवशीसुद्धा. बाळंतपणाला २६ आठवडे.

टॉवेलवाला

मग आमच्या माणसाला हे मिळेल का? आत्ताच्या दोन महिन्यांचं?

हिशेबनीस

नाही. खोटं सांगणार नाही. नव्या माणसाला रोख भरपाई साधारण नऊ महिन्यांनी लागू होते. तो कामावर परत आल्यावर नोंद करा, मागावर जमत नसेल तर घडीवर घ्या. नोंद झाली त्या दिवसापासून औषधं मात्र सुरू. स्टेंटनंतरच्या गोळ्या वर्षानुवर्षं घ्याव्या लागतात. महिन्याला त्याच्या खिशातून काय जातं ते त्याला विचारा.

टॉवेलवाला

विचारलं. १,९०० जातात. गेल्या आठवड्यात दोन गोळ्या बंद केल्यात त्यानं, "आता बरं वाटतंय" म्हणून.

काउंटरवरची

आज. आत्ता फोन करा त्याला. स्टेंट घातल्यावर रक्त पातळ करणारी गोळी मनानं बंद करत नाहीत. स्टेंटमध्येच गाठ होऊ शकते. डॉक्टरांकडे पाठवा, वाटल्यास स्वस्तातल्या जेनेरिक गोळ्या लिहून मागा, पण बंद नको.

टॉवेलवाला

फोन केला. बायकोला गाडीवरून पाठवलं गोळ्या घेऊन. धन्यवाद ताई.

सात रस्ता चहा

आणि आमच्यासारख्या पाच माणसांवाल्यांनी काय करायचं? आम्ही ना दहात, ना सातात.

जुना एजंट

तुमच्यासाठी स्वस्तात स्वस्त: प्रत्येकाच्या बँक खात्यातून २० रुपयांचा सुरक्षा विमा आणि ४३६ चा जीवनज्योती. वर्षाचे मिळून ४५६. पहिल्यात अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व, दुसऱ्यात कुठल्याही कारणानं मृत्यू, दोन-दोन लाख. दवाखान्याचं बिल यात येत नाही, ते जन आरोग्यवर. ४५६ तुम्ही भरा, पाच पोरांचे २,२८० होतात. एवढ्यात माझं कमिशन शून्य आहे, हेही सांगतो.

हिशेबनीस

भर घालतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्यात दहाच्या आतल्यांनाही ईएसआयमध्ये स्वेच्छेनं येण्याची वाट आहे. मालक आणि बहुसंख्य कामगार राजी हवेत. तुमची पाच पोरं राजी आहेत का ते बघा.

सात रस्ता चहा

विचारतो. एकजण म्हणेल आधी पगार वाढवा. तोच आमचा खरा आचारी आहे, त्यामुळं ऐकावं लागतं.

पुणेकर सोलापूरचा

मी सुरुवातीला "डोळे झाकून" लिहिलं होतं. शब्द मागे घेतो.

कडकभाकरी

गड्ड्याला आलात की शेंगाचटणी माझ्याकडून.

टॉवेलवाला

आज २७ डिसेंबर २०२५. काय झालं ते सांगतो, धागा मीच काढला होता.

दोन्ही फर्म मिळून एकच नोंदणी केली, चौदा माणसं. कामगारांना पॅकिंगच्या टेबलाभोवती बसवून समजावलं. ९० रुपये म्हटल्यावर दोघांनी मान फिरवली. आमच्या घडीवाल्या अक्का मात्र म्हणाल्या, "वर्गणीला मी दीड हजार दिले होते, नव्वदच्या हिशेबानं किती महिने झाले ते सांगा." कुणीतरी मोबाइलवर भागाकार केला. सोळा महिन्यांच्या वर निघालं. मग दोघंही गप्प.

मग खरी कटकट सुरू झाली, ती नावांची. चौदापैकी सात जणांची आधारवरची आणि बँकेतली नावं जुळेनात. आडनाव एका ठिकाणी आधी, दुसऱ्या ठिकाणी शेवटी. अक्कांचं आधारवर माहेरचं नाव, पासबुकावर सासरचं, आणि आम्ही बारा वर्षं वहीत नुसतं "अक्का" लिहितोय. त्यांचं नाव मला परवा कळलं. चार जणांचं दुरुस्त झालं, तिघांचं अडकलंय.

मधली भिंत आहे तशीच आहे. दार काढून टाकलं, नुसती चौकट ठेवली. ट्रॉली न्यायला बरं पडतं.

सायझिंगवाला

मीही पोर्टल उघडून बघितलं. नुसतं बघितलं.

कांडीवालीची लेक

काका, चांगलं केलंत. त्या ७८,००० चं काय?

टॉवेलवाला

हा प्रश्न येणार हे माहीत होतं. बायको म्हणते तो कामावर आल्यावर सहा महिने हप्त्यातून काही कापायचं नाही. पुढचं पुढं बघू.

कांडीवालीची लेक

पुढचं पुढं म्हणत म्हणतच आमची सहा वर्षं गेली, काका. त्याचं डोरलं आधी सोडवायला मिळू दे. मग वहीचं बोला.

टॉवेलवाला

बायकोला तुमचं वाचून दाखवलं. वही तिच्याकडे आहे. तिनं ती कपाटात टाकलीय आणि किल्ली मला देत नाही.

सात रस्ता चहा

ते आधारचं नाव कुठल्या सेंटरला दुरुस्त झालं? आमच्या भटारखान्यातल्या तिघांची हीच बोंब आहे.